ड्यूटी बदलते तेव्हा

सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बोलू न शकणाऱ्या एखाद्या मुलीबरोबर विशेष शिक्षिका वर्षभर खपते आणि दोघींची मिळून एक भाषा तयार होते. नजर वर गेली की ‘हो’, डोळे घट्ट मिटले की ‘नको’, मान एका बाजूला वळली की ‘पुरे’. बाहेरून पाहणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. पण आपल्याला काय हवं आणि काय नको, हे त्या मुलीला जन्मात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगता येऊ लागलेलं असतं. ही मुलगी निवासी संस्थेत राहत असेल, तर संध्याकाळी शिक्षिका घरी जाते आणि तिला भरवणारी, स्वच्छ करणारी, झोपवणारी मावशी ड्यूटीवर येते. ही भाषा मावशीला कुणी सांगितलेलीच नसेल, तर संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत ती मुलगी पुन्हा मुकी होते. शिक्षिका तिच्या कामात कमी पडलेली नसते आणि मावशीच्या मायेतही खोट नसते. दोघींच्या मधली जागा मात्र मोकळी राहिलेली असते. दिव्यांग व्यक्तींच्या सेवेचा दर्जा बहुतेक वेळा या मधल्या जागेत ठरतो आणि आपण मात्र तो माणसांच्या स्वभावात शोधत बसतो, असं माझं म्हणणं आहे.

स्वभावात शोधण्याची ही सवय आपल्याला इतिहासाने लावली. महाराष्ट्रात हे क्षेत्र उभं राहिलं ते एकेका माणसाच्या तळमळीतून. 1944 मध्ये मुंबईत जय वकील शाळा सुरू झाली, 1964 मध्ये पुण्यात सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ उभारली, 1972 मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. त्या काळी या मुलांसाठी ना कायदा होता, ना प्रशिक्षित शिक्षकांची फळी. जे झालं ते जिद्दीवर झालं. त्यामुळे चांगलं काम म्हणजे सेवाभाव, हे समीकरण आपल्या मनात पक्कं बसलं. दरवर्षी 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, सत्कारही होतो तो एखाद्या व्यक्तीचा. त्या सत्काराची पात्रता मी नाकारत नाही. पण 2011 च्या जनगणनेनुसार देशात 2 कोटी 68 लाख आणि एकट्या महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक व्यक्ती दिव्यांग आहेत, आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तर मान्य प्रकारांची संख्या 7 वरून 21 वर नेली. एवढ्या लोकांच्या रोजच्या जगण्याची हमी असामान्य माणसांच्या भरवशावर देता येत नाही. ती सामान्य, थकणाऱ्या, कधी चिडणाऱ्या, पगाराची वाट पाहणाऱ्या माणसांकडून मिळवायची आहे, आणि अशी माणसं चांगलं काम करतात ती एकमेकांच्या आधाराने.

हा मुद्दा जेवणाच्या ताटापाशी सगळ्यात स्पष्ट दिसतो. गिळायला त्रास असलेल्या मुलाला भरवताना त्याची मान मागे कलली, तर घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो. बहुतेकांना अशा वेळी ठसका लागतो, काहींना तोही लागत नाही. अन्नाचे कण मुकाट्याने फुप्फुसात जात राहतात आणि मग वारंवार न्यूमोनिया होतो. हे टाळायचं तर किती माणसांचा हात लागतो ते पाहा. पाठ आणि मान कशी टेकवायची हे फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट ठरवतात. अन्न किती घट्ट हवं, चमचा केवढा हवा, हे स्पीच थेरपिस्ट सांगतात, कारण जीभ, ओठ आणि घसा हा त्यांचाच प्रांत. डाळ पातळ करायची की दाट, हे प्रत्यक्षात स्वयंपाकघरात ठरतं. घास भरवते मावशी. जेवल्यानंतर तासाभराने छाती घरघरते आहे हे लक्षात येतं वर्गावरच्या बाईंच्या. या पाच जणांपैकी चार जणांनी आपलं काम चोख केलं आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाला कुणी सांगितलंच नाही की या मुलासाठी डाळ दाट ठेवायची, तर चौघांची मेहनत त्या एका वाटीत विरघळून जाते.

पोटाचंही तसंच. ज्याला ‘पोट दुखतंय’ असं सांगता येत नाही, त्याला तीन दिवस शौचाला झालेलं नाही हे कुणाच्या ध्यानात येणार? सकाळच्या मावशीला वाटतं रात्री झालं असेल, रात्रीच्या मावशीला वाटतं सकाळी झालं असेल. चौथ्या दिवशी मुलगा हात चावायला लागतो, डोकं भिंतीवर आपटतो. मग त्याच्या कागदावर ‘वर्तनसमस्या’ असा शेरा पडतो आणि पुढच्या भेटीत शांत करणारं औषध सुरू होतं. मूळ दुखणं तसंच राहतं. ही तुटलेली साखळी माणसाच्या जिवावरही बेतते. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या 247 व्यक्तींच्या मृत्यूंची सखोल चौकशी झाली आणि तिचा अहवाल 2013 मध्ये आला. इतर लोकांच्या तुलनेत या गटातले पुरुष सरासरी 13 वर्षं आणि स्त्रिया 20 वर्षं आधी मरण पावत असल्याचं त्यात दिसलं. त्यानंतर तिथे अशा मृत्यूंचा नियमित आढावा सुरू झाला आणि त्यात न्यूमोनिया, घास श्वासनलिकेत जाणं, बद्धकोष्ठता हेच विषय पुन्हा पुन्हा समोर आले. यातल्या कितीतरी गोष्टी महागड्या यंत्राशिवाय, केवळ एका हाताने दुसऱ्या हाताला वेळेवर सांगितल्याने लक्षात येऊ शकतात.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. संस्थांकडे माणसंच कमी आहेत. माणसं द्या, दर्जा आपोआप येईल, असं अनेक चालक म्हणतात. माणसं कमी आहेत हे खरंच आहे. रात्री एका मावशीवर वीस मुलं सोपवली असतील, तर तिच्याकडून दर्जाची अपेक्षा करणं हा तिच्यावर अन्याय आहे. पण ‘आपोआप’ या शब्दाशी माझं भांडण आहे. ब्रिटनमध्ये जिम मॅन्सेल, डेव्हिड फेल्स यांच्यासारख्या संशोधकांनी काही दशकं याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. मोठ्या संस्था बंद करून तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्यांना छोट्या घरांत आणलं गेलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घर बदललं, कर्मचारी वाढले, तरी अनेक रहिवासी दिवसाचा मोठा भाग नुसते बसून असतात. काम कर्मचारी करतात आणि रहिवासी पाहत राहतात. संख्या वाढल्यावर बऱ्याचदा कर्मचारी आपापसातच अधिक बोलू लागतात. यावर त्यांनी जी पद्धत विकसित केली तिला तिकडे ‘अॅक्टिव्ह सपोर्ट’ म्हणतात. तिचं सार सोपं आहे: रहिवाशासाठी काम करायचं नाही, त्याच्यासोबत करायचं. भाजी निवडण्यातला, कपडे वाळत घालण्यातला एखादा तरी टप्पा त्याच्या हाताने व्हावा आणि त्यासाठी लागेल तेवढीच मदत द्यावी. आज कुणी, कुणासोबत, कोणतं काम करायचं हे कर्मचाऱ्यांनी रोज मिळून ठरवायचं. वेल्समध्ये ही पद्धत वापरली गेली तेव्हा रहिवाशांना मिळणारी मदत आणि त्यांचा सहभाग, दोन्ही ठळकपणे वाढले. एरवी ज्यांना थोडंफार जमतं त्यांच्याकडेच सगळ्यांचं लक्ष जातं आणि सर्वांत अवलंबून असलेला माणूस कोपऱ्यात राहतो. या पद्धतीत तो कोपऱ्यातून बाहेर आला.

याच संशोधनातला दुसरा निष्कर्ष आपल्याकडच्या प्रशिक्षणांसाठी फार मोलाचा आहे. नुसतं सभागृहात बसवून दिलेलं प्रशिक्षण पुरलं नाही. प्रत्यक्ष कामाच्या जागी, त्याच रहिवाशासोबत, कुणीतरी शेजारी उभं राहून हात धरून दाखवलं तेव्हाच फरक पडला. पुढे जुली बीडल-ब्राउन आणि ऑस्ट्रेलियातल्या क्रिस्टीन बिग्बी यांच्या अभ्यासांतून आणखी एक दुवा स्पष्ट झाला: ज्या घरात थेट वरिष्ठ माणूस रोज काम पाहतो, करून दाखवतो, प्रत्येकाशी नियमित बोलतो आणि गटाची बैठक रहिवाशांच्या जगण्याभोवती ठेवतो, तिथे दर्जा टिकण्याची शक्यता वाढते. आता आपल्या संस्थेतल्या अधीक्षकाचा किंवा मुख्याध्यापिकेचा दिवस डोळ्यांसमोर आणा. अनुदानाचे प्रस्ताव, पगाराची बिलं, तपासणीची तयारी, देणगीदारांच्या भेटी. यात भोजनगृहात अर्धा तास बसून घास कसा भरवला जातो हे पाहायला वेळ उरत नाही. दोष त्या व्यक्तीचा नसतो. तिच्या पदाची आखणीच कागदाभोवती झालेली असते.

आता मावशीविषयी. हा शब्द मला प्रिय आहे. परक्या घरात पडलेल्या मुलाला तो नातं देतो. पण या नात्याच्या शब्दाआड एक गोष्ट झाकली जाते. मुलाच्या अंगाला दिवसात सर्वाधिक वेळ ज्या हातांचा स्पर्श होतो, त्या हातांच्या कामाला आपण कौशल्याचा दर्जा दिलेला नाही. 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद आली, विशेष शिक्षक आणि थेरपिस्ट यांचं शिक्षण आणि नोंदणी यांना शिस्त लागली. काळजीवाहकांसाठीही अभ्यासक्रम निघाले, राष्ट्रीय न्यासाने ‘सहयोगी’ नावाची प्रशिक्षण योजना आणली. तरीही कित्येक संस्थांत मावशी म्हणजे ‘घरकाम येतं ना, मग हेही येईल’ अशा समजुतीवर घेतलेली बाई असते. मुलाच्या वैयक्तिक आराखड्याची बैठक होते तेव्हा ती फरशी पुसत असते. आकडी रात्री किती वाजता येते, त्याआधी मुलगा कसा अस्वस्थ होतो, कोणत्या कुशीवर तो शांत झोपतो, हे ठाऊक असलेली एकमेव व्यक्ती खोलीबाहेर असते आणि आत तज्ज्ञ अंदाज बांधत असतात. उलट दिशेनेही हेच घडतं. आकडीच्या वेळी तोंडात काही घालायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, कुशीवर वळवायचं, घड्याळ पाहायचं आणि पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांकडून तिच्यापर्यंत पोहोचलेलंच नसतं.

खालच्या पायरीवरच्या माणसाचा आवाज वर पोहोचणं हा सौजन्याचा विषय वाटतो, पण सुरक्षिततेसाठीही तो निर्णायक असतो. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी होत असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती. अधिक खोलात गेल्यावर त्यांनी याचा जो अर्थ लावला तो आता जगभर मान्य आहे: या गटांत चूक बोलून दाखवायची भीती नव्हती, म्हणून ती दिसत होती. आपल्या संस्थांना हा धडा थेट लागू पडतो. ‘आज माझ्याकडून गोळी द्यायची राहिली’ असं सांगणाऱ्या मावशीला पहिला प्रश्न ‘तू असं कसं केलंस?’ असा आला, तर पुढची चूक ती सांगणार नाही. पहिला प्रश्न ‘मुलगा आता कसा आहे?’ आणि दुसरा ‘गोळी राहिली कशामुळे?’ असा आला, तर कदाचित कळेल की त्याच वेळेला दोन मुलांचे कपडे बदलायचे होते आणि औषधाची वेळ थोडी पुढे नेणं शक्य होतं.

जिथे आवाज दाबला जातो तिथे काय होतं, हे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयाने दाखवून दिलं. मे 2011 मध्ये बीबीसीने तिथलं छुपं चित्रीकरण दाखवलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांना मारहाण, अपमान, छळ. 11 कर्मचारी दोषी ठरले, 6 जणांना तुरुंगवास झाला. या रुग्णालयाला एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी 3,500 पौंड मिळत होते. पैसा भरपूर होता. एका वरिष्ठ परिचारकाने आधीच व्यवस्थापनाला आणि नियामक संस्थेलाही कळवलं होतं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. म्हणून मी म्हणतो की पैसा आवश्यक आहे, पुरेसा नाही. आपल्याकडे 2010 च्या सुमारास ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या गतिमंद मुलांच्या बालगृहांमधली भयानक स्थिती बाहेर आली आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, तेव्हा राज्यभरच्या बालगृहांच्या देखरेखीचा प्रश्न ऐरणीवर आला. बाहेरची देखरेख हवीच. पण तपासणी वर्षातून मोजक्या वेळा येते. दार बंद झाल्यावरच्या रात्री तिथे असतात ते फक्त सहकारी. एकमेकांना टोकण्याची मुभा असलेला गट हीच त्या मुलांची रोजची देखरेख.

दुसरा आक्षेप कागदांचा. आधीच नोंदवह्यांनी कपाटं भरली आहेत, त्यात आणखी भर कशाला? ही तक्रार मला पटते. तपासणीसाठी लिहिलेली वही आणि पुढच्या हातासाठी लिहिलेली वही यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली कपाटात जाते. दुसरी मोजकी असते आणि लगेच वाचली जाते. प्रत्येक मुलाचं एकच पान असावं: तो ‘हो’ आणि ‘नको’ कसं सांगतो, कसं बसवून भरवायचं, कशाला घाबरतो, काय आवडतं, आकडी आली तर काय करायचं. सोबत योग्य बैठकीचा फोटो. ते भिंतीवर सगळ्यांसमोर टांगू नये, त्याच्या कपाटाच्या दाराला आतून लावावं. त्याचं खासगीपण जपणं हाही दर्जाच. ज्या मावशीला लिहिणं जड जातं तिच्यासाठी रंगीत टिकल्या, चित्रं, तोंडी निरोप चालतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन ड्यूट्या एकमेकींवर पंधरा मिनिटं चढल्या पाहिजेत, आणि त्या पंधरा मिनिटांचा पगार मिळाला पाहिजे. आज कित्येक ठिकाणी जाणारी बाई एस.टी. पकडायच्या घाईत फाटकातच येणारीला ‘सगळं ठीक आहे’ एवढं सांगून निघते. तिला दोष देता येणार नाही. तिच्या निरोपासाठी संस्थेने वेळच राखून ठेवलेला नसतो.

मायेचं मोजमाप करू लागलो तर माया आटेल, असंही म्हटलं जातं. या भीतीमागची भावना मी समजू शकतो. ज्यांनी आयुष्य यात घातलं त्यांना तक्ते आणि गुण परके वाटणारच. पण मोजायचं आहे ते मुलाच्या बाबतीत काय घडतं ते. दुपारच्या एका तासात किती वेळ त्याच्या हाताला काही काम होतं, किती वेळा कुणी त्याच्याशी त्याच्या उंचीला बसून बोललं, महिन्यात किती वेळा ठसका लागला. असं पाहिलं की कधी कधी कळतं की अतिशय मायाळू बाई मुलाला स्वतःच्या हाताने काहीच करू देत नाही आणि पंचविशीतला तरुण अजून ‘बाळ’ राहिला आहे. हे तिला दाखवून देणं म्हणजे तिच्या मायेवर अविश्वास नव्हे. तिची माया त्या तरुणाच्या उपयोगी पडावी यासाठीची ती मदत आहे.

माणसं टिकत नाहीत, मग शिकवून काय उपयोग, हा आक्षेप मला सगळ्यात कमकुवत वाटतो. माणसं जातात म्हणूनच ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात ठेवणं धोक्याचं. आणि माणसं का जातात हेही विचारायला हवं. मानधन कमी आणि उशिरा, हे कारण आहेच. पण कंबरही आहे. मोठ्या झालेल्या मुलाला खाटेवरून व्हीलचेअरवर एकटीने उचलता उचलता कित्येक जणींच्या पाठी कायमच्या दुखावतात. दोघींनी मिळून उचलायचं, दुसरी येईपर्यंत थांबायचं, शक्य तिथे उचलण्याचं साधन घ्यायचं, असा नियम संस्थेने केला आणि स्वतः पाळला, तर तो कर्मचाऱ्यांच्या प्रोत्साहनाच्या कोणत्याही भाषणापेक्षा मोठा. माणसाला हुरूप येतो तो आपलं शरीर, आपला वेळ आणि आपलं म्हणणं यांची किंमत ठेवली जाते तेव्हा. मावशीने सांगितलं म्हणून डाव्या कुशीऐवजी उजव्या कुशीवर झोपवायचं ठरलं, आणि आराखड्यात तिच्या नावाने तशी नोंद झाली, तर पुढच्या वेळी ती आणखी बारकाईने पाहील.

या गटात आणखी दोन जागा मोकळ्या असतात. एक आई-वडिलांची. मुलाला संस्थेत ठेवणाऱ्या पालकांकडे फॉर्म भरून घेतला जातो. पण घरी तो कशाने शांत व्हायचा, हे निवांत बसून क्वचितच विचारलं जातं. दुसरी जागा खुद्द त्या व्यक्तीची. 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला, 2007 मध्ये भारताने त्याला मान्यता दिली आणि 2016 चा कायदा त्याच करारातून आला. आपल्याविषयीच्या निर्णयात आपला सहभाग हवा, हा त्याचा कणा आहे. तो कागदावरून बैठकीच्या खोलीत आणायचा तर सुरुवात खुर्चीपासून करावी लागेल. नजरेने बोलणाऱ्या त्या मुलीची चाकाची खुर्ची टेबलाला लावावी. प्रश्न तिला विचारावा, आणि थांबावं. स्नायूंवर ताबा नसलेल्या माणसाला नजर वर न्यायलाही बराच वेळ लागतो आणि घाईच्या बैठकीत तेवढ्यात कुणीतरी तिच्या वतीने बोलून मोकळं होतं. तिच्या अगदी समोर, तिचे डोळे नीट दिसतील अशी जागा रात्रीच्या मावशीला द्यावी, आणि त्या तासापुरतं फरशी पुसायचं काम दुसऱ्या कुणाकडे सोपवावं.